कंप, मंदपणा आणि कूस : काकांच्या सेन्सरच्या नोंदी

५ जुलै २०२५

काम आधी लिहून ठेवते. काकांच्या उजव्या मनगटावर मावेल असं छोटं यंत्र बनवायचं, दिवसभर हाताची हालचाल टिपायची आणि गोळी केव्हा चढते, केव्हा उतरते हे एका कागदावर डॉक्टरांना दाखवायचं. एवढंच.

काकांना पार्किन्सन्स आहे. तीन महिन्यांनी एकदा डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं बघतात. ‘मधल्या काळात कसं होतं?’ विचारतात. काका म्हणतात ‘ठीक’, काकू म्हणतात ‘कुठलं ठीक’, आणि गाडी पुढे जात नाही. त्यात दवाखान्यात काका घरच्यापेक्षा बरे चालतात. ते नाटक नसतं. समोर कोणी बघत असलं, पावलाकडे लक्ष देऊन चालायचं असलं, की या आजारातली पुष्कळ माणसं तेवढा वेळ नीट चालून दाखवतात. इंदूरला रामबागेत घरी परतलं की स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात.

माझी नोकरी पीथमपूरला, यंत्रांच्या कंपनांवर नजर ठेवायची. बेअरिंग बिघडायला लागलं की कंपनाच्या आलेखात ठरावीक फ्रीक्वेन्सीला शिखर उगवतं, ते वेळेवर हेरायचं. हाताच्या कंपाला गणित तेच लागतं. म्हणून हे अंगावर घेतलं.

तयार यंत्रं जगात आहेत. ऑस्ट्रेलियातलं ‘पर्सनल कायनेटिग्राफ’ मनगटावर बांधतात, ते दर दोन मिनिटांना मंदपणाचा आणि गोळीने होणाऱ्या नको त्या हालचालींचा आकडा देतं. स्पेनमधलं ‘स्टॅट-ऑन’ कमरेला लागतं. ‘पीडीमॉनिटर’चे पाच तुकडे अंगभर बांधावे लागतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा पाच यंत्रांची शिफारस केली, तीही ‘आणखी पुरावा गोळा करत राहा’ या अटीवर. मला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. एका माणसापुरतं बनवायचंय.

९ जुलै

जेल रोडवरून बॅटरी, चार्जिंगचं सर्किट आणि मेमरी कार्डाचा खाचा आणला. बोर्ड ऑनलाइन मागवला : ‘झिआओ एनआरएफ५२८४० सेन्स’. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि एलएसएम६डीएस३ हा सेन्सर त्याच्यावरच बसवलेला. तीन अक्षांचा अ‍ॅक्सिलरोमीटर (त्वरण, म्हणजे वेगातला बदल मोजणारा), तीन अक्षांचा जायरोस्कोप (वळण मोजणारा). वाय-फायचा बोर्ड मुद्दाम टाळला. मनगटावर वाय-फाय चालवलं तर एवढ्याशा बॅटरीत संध्याकाळही गाठणार नाही.

साठवणुकीचा हिशेब : सेकंदाला ५२ नोंदी, सहा आकडे, प्रत्येकी दोन बाइट. म्हणजे सेकंदाला ६२४ बाइट, दिवसाला सुमारे ५४ एमबी. बोर्डावरची मेमरी २ एमबी, ती तासाभरातच भरेल. म्हणून कार्ड. रात्री काढून लॅपटॉपला लावायचं. ब्लूटूथने पाठवायचा मोह होतो, पण नको.

५२ पुरतात का? पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप साधारण ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चार ते सहा वेळा; आपण जाणूनबुजून केलेल्या हालचाली बहुतेक त्याच्याही खाली. ५२ नोंदींत २६ हर्ट्झपर्यंतचं दिसतं. पुरे.

१३ जुलै

यंत्र जुळवायच्या आधी कागदावर एक गणित केलं, आणि ते आता टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

हात मागेपुढे डोलत असेल तर त्याचं त्वरण फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढतं. मध्यापासून १ सेंटिमीटर इकडे, १ सेंटिमीटर तिकडे, सेकंदाला ५ वेळा : त्वरण सुमारे ९.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळजवळ गुरुत्वाकर्षणाएवढं. तीच १ सेंटिमीटरची हालचाल सेकंदाला एकदा केली तर ०.४. पंचवीसपट कमी.

याचा अर्थ असा की अ‍ॅक्सिलरोमीटरला कंप ओरडून ऐकू येतो आणि सावकाश हालणारा हात जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि डॉक्टरांच्या भाषेत या आजाराचं मुख्य लक्षण कंप नाही, मंदपणा आहे. मंदपणाशिवाय पार्किन्सन्सचं निदानच करत नाहीत. काही रुग्णांना कंप कधीच येत नाही.

यंत्राला जे सोपं तेच आपण मोजत बसू, ही भीती आजच लिहून ठेवते.

२० जुलै

पहिल्या नोंदी हाती आल्या. काका टीव्हीसमोर, हात मांडीवर. पाच-पाच सेकंदांचे तुकडे पाडले, म्हणजे ०.२ हर्ट्झचा फरक ओळखता येतो. शिखर ४.८ हर्ट्झला, सुईसारखं अणकुचीदार. दुसऱ्या दिवशी तिथेच, तिसऱ्या दिवशीही. कंपाची उंची दिवसभर वरखाली होते, पण फ्रीक्वेन्सी जागची फारशी हलत नाही.

अ‍ॅक्सिलरोमीटरपेक्षा जायरोत हे जास्त स्वच्छ दिसतं. काकांचा हात मनगटापाशी वळतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यात गोळी वळल्यासारखा. नुसता वळणारा हात जागा फार सोडत नाही, आणि अ‍ॅक्सिलरोमीटरमध्ये गुरुत्वाकर्षण सतत मिसळलेलं असतं. जायरोला गुरुत्वाकर्षण दिसतच नाही, फक्त वळण दिसतं. मात्र त्याच्या आतला बारीक पट्टा सतत थरथरता ठेवावा लागतो, म्हणून वीज तोच खातो.

आलेख काकांना दाखवला. चष्मा लावून नीट बघितला. ‘छान आहे. हे तर मला माहीतच होतं.’

२६ जुलै

खोट्या कंपांचा दिवस.

सकाळी पावणेसातला जबरदस्त कंप. दात घासत होते. ब्रश उजव्या हातात, वेग नेमका ४-५ हर्ट्झच्या पट्ट्यात. हे सोपं : रोज त्याच सुमाराला येतं, दोन मिनिटांत संपतं आणि उंची कंपाच्या कितीतरी पट असते. त्याला वेगळा रंग दिला.

रिक्षा अवघड निघाली. काका राजवाड्याला जाऊन आले आणि जाता-येता यंत्राने सलग कंप लिहिला. इंजिनाचा दोष नाही. उभ्या रिक्षाचं इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल तर ती थरथर २० हर्ट्झची, प्रोग्राममधल्या चाळणीत अलगद वेगळी पडते. दोष पावसाळ्यातल्या रस्त्याचा, आणि आपल्या शरीराचाही. बसलेल्या माणसाला खालून हादरे बसले की धड ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त हलतं. गाड्यांच्या सीटवर काम करणाऱ्या इंजिनिअरांना ही गोष्ट पाठ असते. आणि हा पट्टा कंपाच्या पट्ट्यावर नेमका येऊन बसतो. खड्डा कितीही वेडावाकडा असो, शरीर त्यातून आपल्याला हवी ती फ्रीक्वेन्सी निवडून घेतं.

एका मनगटाला हे कळणं शक्य नाही. दुसरा सेन्सर कमरेला हवा. कंबर आणि मनगट एकदम हलायला लागले तर रस्ता, मनगट एकटंच हललं तर काका. दुसरा बोर्ड मागवला. कमरेसाठी पट्टा काकू शिवून देणार आहेत.

२ ऑगस्ट

आज मोजमाप काही नाही, नुसतं बोलणं. पण गेल्या महिन्यातली सर्वांत कामाची नोंद हीच असावी.

काकांना विचारलं, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा?’ मला वाटलं होतं, हाताचा. लोक बघतात, पोहे खाताना चमचा वाजतो, वगैरे.

‘कंपाचं काय एवढं! तो हात मांडीखाली घेतला की झालं. शर्टाची बटणं बघ. वरचं बटण लावेपर्यंत तुझी काकू दोनदा हाक मारते.’ मग सहीचं सांगितलं. आधी टपोरी सही होती, आता ओळीच्या शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढी होते. एका बँकेने चेक परत पाठवला होता. अक्षर बारीक होत जाणं हेही मंदपणाचंच अपत्य.

काकू मध्येच म्हणाल्या, ‘आणि रात्रीचं सांगा की.’ काका गप्प. मग त्यांनीच सांगितलं : रात्री कूस बदलता येत नाही. एकाच अंगावर पडून खांदा दुखायला लागतो, मग काकूंना उठवतात आणि त्या चादरीला धरून वळवतात. ‘रोज?’ ‘रोज नाही,’ काका. ‘रोज,’ काकू.

लिहून ठेवलं. मात्र आधी दिवसाचा मंदपणा.

५ ऑगस्ट

मंदपणा मोजायची मुख्य अडचण ही की दूरदर्शनच्या बातम्या बघत बसलेला निरोगी माणूस आणि गोळी उतरलेला पार्किन्सन्सचा माणूस सेन्सरला सारखेच दिसतात. दोघेही हलत नाहीत. हलायचं नाहीये आणि हलता येत नाहीये, यातला फरक आकड्यांत नाही.

मग उलटं धरायचं. जेव्हा हात हलतो तेव्हा कसा हलतो ते बघायचं. दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यात सगळ्यात वेगवान हालचाल किती वेगाची, आणि दोन हालचालींमध्ये किती वेळ गेला. मंदपणा असला की वेगाचा माथा उतरतो आणि मधली अंतरं लांबतात. कायनेटिग्राफमागचा विचारही साधारण असाच आहे. एका तुकड्यावरून काही ठरवायचं नाही, अर्ध्या तासाचे तुकडे एकत्र बघायचे. तुलना कोणा दुसऱ्याशी नाही, काकांच्याच चांगल्या तासांशी.

संध्याकाळच्या फेरीत आणखी एक दिसलं. चालताना उजवा हात जवळजवळ झुलत नाही. जायरोवर डावा ऐटीत मागेपुढे, उजवा अंगाला चिकटलेला. हा आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि हाताचा झोका कमी होणं कित्येकदा कंपाच्याही आधी येतं. काकू म्हणाल्या, ‘लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या व्हिडिओत बघ.’ बघितलं. निदानाच्या आधीचा व्हिडिओ. उजवा हात तेव्हाच गप्प होता.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. आत्याने बांधलेली राखी, तांब्याचं कडं आणि यंत्र, सगळं उजव्याच मनगटावर. कडं डबीवर आपटतं तेव्हा आलेखात काटे उठतात. काकांनी कडं डाव्या हातात घातलं. राखी हलवायला नकार. राखीचे गोंडे आलेखाला काही करत नाहीत, राहू दे.

१७ ऑगस्ट

काकूंची वही सुरू झाली. डॉक्टर अर्ध्या-अर्ध्या तासाची रोजनिशी लिहायला सांगतात, तिच्यात पाच खाने असतात : झोप; गोळी उतरलेली; गोळी चालू; चालू आहे, अंग नाचतंय पण त्रास नाही; चालू आहे, अंग नाचतंय आणि त्रासही आहे. शेवटचे दोन खाने लेव्होडोपा (काकांच्या गोळीतलं औषध) बरीच वर्षं घेतल्यावर येणाऱ्या नको त्या हालचालींसाठी. काकांच्या बाबतीत ते अजून रिकामेच आहेत.

यंत्राला एक मोठं बटण लावलं. गोळी घेतली की दाबायचं. बारीक बटणाचा उपयोग नव्हता, कारण उघड आहे.

वही आणि आलेख शेजारी ठेवले तेव्हा दुपार उठून दिसली. सकाळी साडेसातची गोळी पाऊण तासात चढते. दुपारची, जेवणानंतर लगेच घेतलेली, कधी दीड तासाने चढते, कधी चढल्यासारखी वाटतच नाही. त्या वेळात हाताच्या वेगाचा माथा खाली आणि काकूंच्या वहीत ‘उतरलेली, उतरलेली’. हे पुस्तकात असलेलंच आहे : लेव्होडोपा स्वतः अमिनो आम्ल आहे, आणि आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत जायला तिला त्याच वाहकांच्या रांगेत उभं राहावं लागतं ज्या रांगेत जेवणातली प्रथिनं येतात. काकांच्या दुपारच्या पानात वरण, उसळ, वाटीभर दही. सकाळी नुसते पोहे.

काकू लगेच म्हणाल्या, ‘मग उद्यापासून गोळी आधी देते.’ थांबवलं. गोळीची वेळ डॉक्टर ठरवतील, आपण फक्त कागद न्यायचा. वेळ, मात्रा यांना या प्रकल्पात हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलंय.

एका शेजाऱ्याने खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं आहे. त्या बियांत लेव्होडोपा खरंच असते. म्हणूनच डॉक्टरांना न सांगता घ्यायचं नाही. चालू गोळीवर ती नकळत वाढलेली मात्रा होईल.

२९ ऑगस्ट

गणपती बसलेत. संध्याकाळच्या आरतीत यंत्राने पुन्हा कंप लिहिला. टाळ्यांचा ठेका सेकंदाला दोन-तीनचा, पण त्याच्या पटीतली शिखरं ४ ते ६ च्या पट्ट्यात येऊन पडतात. सुटका मात्र सोपी झाली. टाळी म्हणजे आघात, आणि आघातात १० हर्ट्झच्या वरही भरपूर ऊर्जा असते. कंप गुळगुळीत, वर जवळजवळ रिकामा. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचं गुणोत्तर काढलं की टाळी, झांज, हातोडी सगळं एका झटक्यात बाजूला पडतं. पोळ्या लाटणंही वेगळं पडलं, ते काकूंनी यंत्र बांधून करून दाखवलं.

काकांची एक मागणी आली : बंद करायचा खटका हवा. ‘सराफ्यात मी किती वेळ उभा होतो आणि काय खाल्लं, ते डॉक्टरांना कशाला?’ सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार. सेन्सरला गराडू, म्हणजे तिथला तळलेला कंद, कळत नाही हे सांगून उपयोग झाला नाही, आणि मागणी रास्तच आहे. खटका लावला. तो दाबला की आलेखात पांढरी पट्टी येते, तिच्यावर मी ‘काकांची सुट्टी’ असं लिहिलंय. गराडू हिवाळ्यात मिळतात, हे काकू कानाशी म्हणून गेल्या.

७ सप्टेंबर

पाय चिकटणं. मनगटावरून हे काही कळत नाही, सेन्सर घोट्यापाशी हवा. पाय चिकटतो तेव्हा तो स्थिर नसतो, जागच्या जागी थरथरतो. त्यावरून २००८ मध्ये एक गुणोत्तर मांडलं गेलं : ३ ते ८ हर्ट्झमधली ऊर्जा भागिले ०.५ ते ३ हर्ट्झमधली. नेहमीची चाल खालच्या पट्ट्यात असते. गुणोत्तर उसळलं की पाय चिकटला.

‘डॅफनेट’ नावाच्या खुल्या नोंदींवर चालवून बघितलं. त्यात १० रुग्ण, घोटा-मांडी-कंबर अशा तीन जागा, सेकंदाला ६४ नोंदी आणि तज्ज्ञांनी व्हिडिओ बघून खुणा केलेले २३७ प्रसंग आहेत. गुणोत्तर बऱ्यापैकी चालतं, पण ‘चिकटला’ म्हणायची मर्यादा माणसागणिक बदलावी लागते.

काकांना घोट्याला पट्टा नको आहे. आग्रह केला नाही, कारण घरात हे कुठे होतं ते सेन्सरशिवायच ठाऊक आहे : माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या अरुंद दारात. मोकळ्या ओसरीवर, जिथे जुन्या काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, तिथे मुळीच नाही. अरुंद जागा पाय अडवते आणि जमिनीवरच्या आडव्या रेघा पाऊल उचलायला मदत करतात, हे डॉक्टर फार पूर्वीपासून जाणतात. दाराच्या अलीकडे-पलीकडे पावलाएवढ्या अंतराने पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. या भागाचा खर्च टेपपुरता, आणि परिणाम बाकी सगळ्यापेक्षा लवकर दिसला.

१४ सप्टेंबर

आता रात्र.

रात्री मनगटाचं यंत्र कुचकामाचं. झोपेत कंप बहुधा थांबतो. पण रिक्षासाठी बनवलेला कमरेचा पट्टा इथे कामाला आला. पोटावर सेन्सर असला की जायरोची गरज नाही. स्थिर माणसावर अ‍ॅक्सिलरोमीटरला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं, आणि ते कुठल्या अक्षावर आहे यावरून माणूस उताणा आहे, डाव्या कुशीवर की उजव्या, हे सरळ कळतं. दिवसा जे गुरुत्वाकर्षण गाळत बसावं लागतं, तेच रात्री सगळी माहिती देतं. जायरो बंद, नोंदी सेकंदाला २६, तीन आकडे : आठ तासांत साडेचार एमबी. बॅटरी आठवडा काढेल.

आधी स्वतः बांधून झोपले. माझी कूस दोन सेकंदांच्या आत बदलते, एका रेषेत. जागही येत नाही.

२१ सप्टेंबर

काकांच्या रात्री.

झोपल्यावर पहिले दोन-अडीच तास बरे. मग शेवटच्या गोळीचा अंमल संपतो, आणि आलेखातली कुशीच्या कोनाची रेघ तासन् तास सपाट. रात्री दीडच्या सुमारास वळायचा प्रयत्न दिसतो : थोडं वळले, थांबले, परत मागे आले, पुन्हा थोडं. एक कूस हप्त्याहप्त्याने, अर्धा मिनिट लावून. काही प्रयत्न अर्ध्यावरच सोडलेले. त्यानंतर काही वेळाने एक वळण एकदम, एका दमात, माझ्यासारखं.

ते काकूंनी दिलेलं. चादर ओढून. आलेखात दोघांची वळणं इतकी वेगळी दिसतात की काकूंनी वहीत लिहिलं नसतं तरी ओळखू आलं असतं. त्या वळणांवर ‘काकू’ अशी खूण करते आहे.

काकूंनी आलेख बघितला. ‘म्हणजे मी किती वेळा उठते ते यात आहे?’ ‘आहे.’ ‘मग हाच कागद ने.’

२५ सप्टेंबर

अंथरुणाचं. खाली सुती खोळ, वर जाड गोधडी, अंगात सुती पायजमा. सुतावर सूत सरकत नाही. निरोगी माणसाला कळतही नाही, पण ज्याच्या वळणात जोरच थोडा, त्याचा सगळा जोर घर्षणातच जातो. कमरेखाली गुळगुळीत कापड टाकायचं, हा जुना आणि सगळीकडे सांगितला जाणारा उपाय. काकू महेश्वरी काढायला निघाल्या. ती नको म्हटलं, तिच्यात सूत असतं. शेवटी एक जुनी निव्वळ रेशमी साडी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पसरली आणि गादीखाली खोचली. पायांकडे सुतीच ठेवलं, तिथे टाच रोवता आली पाहिजे, आणि उठताना पाय घसरायला नको. गोधडीऐवजी हलकी चादर.

दुसऱ्याच रात्री हप्ते कमी झाले. लगेच आनंद करायचा नाही, आणखी रात्री बघायच्या.

२९ सप्टेंबर

काल रात्रीच्या नोंदी बाजूला ठेवल्या. आशिया चषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान, आणि तो शेवटच्या षटकापर्यंत गेला. गोळी चालू असतानाही मनगटाचा कंप महिन्याभरातला सर्वांत मोठा. ताणाने कंप वाढतो, गोळीचा काही संबंध नाही. कंपावरून गोळीची वेळ ठरवायची नाही, याला आणखी एक कारण. काकांना हा आलेख मात्र फार आवडला, छापून मागितला.

८ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे. तीन कागद नेले होते.

कंपाचा कागद त्यांनी तीन सेकंद बघितला आणि खाली ठेवला. ‘हे मला हात बघून कळतं.’ दुपारचा कागद वाचला, काकूंची वही मागितली, दोन्हींतल्या वेळा ताडून बघितल्या आणि दुपारची गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी केली. दही-उसळ बंद करायला सांगितलं नाही, वजन उतरायला नको म्हणाले. गोळी आधी देण्याची सूचना काकूंचीच होती, त्यामुळे त्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होत्या.

रात्रीच्या कागदावर मात्र ते थांबले. ‘काकू’ म्हणजे काय विचारलं. काकूंनी सांगितलं. काकांना म्हणाले, ‘हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.’ काका म्हणाले, ‘तुम्ही हाताबद्दल विचारता.’

झोपताना सावकाश विरघळणारी गोळी सुरू केली आहे. पट्टा चालू ठेवायला सांगितलं. मनगटाचं यंत्र पुढच्या भेटीआधी आठवडाभर लावलं तरी चालेल म्हणाले.

म्हणजे जुलैपासून ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला ती कंपाची चाळणी आता कपाटात. तिचा प्रोग्राम नीट टिपणं लिहून ठेवते, कंप हाच मुख्य त्रास असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

१२ ऑक्टोबर

पट्ट्याचा हुक बदलून वेल्क्रो लावलं. हुक काकूंना लावावा लागायचा, वेल्क्रो काका डाव्या हाताने ओढून बसवतात. पट्टी पाच सेंटिमीटर रुंद घेतली, अरुंद पट्टी त्यांना एका प्रयत्नात धरता येत नव्हती.

नव्या गोळीच्या नोंदी सुरू आहेत, साडी तशीच आहे. गोळीचा परिणाम स्पष्ट दिसेपर्यंत साडी हलवायची नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. काकूंना बजावून सांगितलं.

‘आणि दिवाळीला खोळ धुवायची नाही की काय?’

धुवायची. साडी परत त्याच घडीने, त्याच जागी. घडीचं माप घेऊन गादीवर पेनाने खुणा केल्या आहेत.